कपड्यांवरची काजळी आणि मुलाचा दम

प्रश्न : आम्ही वाळवा तालुक्यातल्या एका गावात राहतो. शेती उसाची, घर रस्त्याला लागून. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दिवाळी झाली की त्याला खोकला सुरू होतो, तो शिमग्यापर्यंत हटत नाही. मध्यरात्रीनंतर छातीतून सूं-सूं आवाज येतो. गेल्या मार्चमध्ये माहेरी, तासगाव तालुक्यात गेलो होतो. तिथं बेदाण्याच्या शेडजवळ खेळता खेळता त्याला एकदम इतका दम लागला की मी घाबरून गेले. डॉक्टरांनी पंप लिहून दिलाय, पण सगळे म्हणतात एकदा सवय लागली की सुटत नाही, म्हणून जास्त झालं तरच देते. कारखाना सुरू झाला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी पडते, त्यानंच हे होत असणार असं मला वाटतं. मामंजी ऊस तुटला की शेतात राहिलेलं वाळक्या पानांचं पाचट पेटवून देतात. मिस्टर म्हणतात, प्रदूषण दिल्लीला, मोबाइलवर बघ, सांगलीची हवा 'समाधानकारक' दाखवते. हवा शुद्ध करायचं मशीन घ्यावं का? मास्क लावावा का? की मुलाला पुण्याला नणंदेकडे शाळेत घालावं? खोकला तसा सासूबाईंनाही आहे, पण त्यांचं आता वय झालंय. – एक आई

उत्तर :

ताई, धुराकडे नंतर येऊ. आधी पंपाचं बोलू, कारण तुमच्या पत्रातलं 'जास्त झालं तरच देते' हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली.

पंपाची सवय लागत नाही. दमा हा आजार लांबतो, म्हणून औषधही लांबतं. डोळ्याला नंबर असेपर्यंत चष्मा लावावा लागतो, त्याला कुणी चष्म्याचं व्यसन म्हणत नाही. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट श्वासनलिकेत पोचतं. तेच औषध गोळीतून किंवा पातळ औषधातून द्यायचं तर कितीतरी जास्त द्यावं लागतं आणि ते सगळ्या अंगात फिरतं. पंप दोन तऱ्हेचे असतात. एक रोज घ्यायचा, आतली सूज कमी ठेवणारा. दुसरा दम लागल्यावर घ्यायचा, आवळलेली नळी मोकळी करणारा. तुम्हाला दिलेला यातला कुठला, हे डॉक्टरांना विचारा आणि त्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवून ठेवा, म्हणजे घरात तुम्ही नसताना गोंधळ होणार नाही. रोजचा पंप जर 'जास्त झालं तरच' दिला जात असेल, तर त्याचा उपयोग होणारच नाही, आणि मग सगळे म्हणणार की पंपानं फरक पडत नाही. सात वर्षांच्या मुलाला पंप स्पेसर लावूनच द्या. स्पेसर म्हणजे ती प्लॅस्टिकची नळकांडी. तिच्याशिवाय निम्म्याहून जास्त औषध जिभेवर आणि घशातच बसतं. घेऊन झाल्यावर चूळ भरायला लावा.

पत्रावरून मला दम्याचीच शक्यता दाट वाटते, पण निदान छाती तपासणाऱ्या डॉक्टरांनी करायचं. दोन आठवड्यांवर टिकणारा खोकला असेल तर क्षयाची शंकाही एकदा फेडून घ्यावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता धूर.

कपड्यांवर पडते ती काजळी तुम्हाला दिसते, म्हणून राग तिच्यावर. राग रास्त आहे. कारखान्याच्या बॉयलरला उसाचा चोथा जळतो, आणि धुरांड्यावरची धूळ पकडणारी यंत्रणा नीट चालली नाही तर अशी काजळी गावभर उडते. तक्रार करायलाच हवी. पण बोटाला लागतो तो कण मोठा असतो, तो बहुतेक नाकात नाहीतर घशात अडकतो आणि शिंकेतून, बेडक्यातून बाहेर पडतो. छातीत खोल उतरतो तो कण डोळ्यांना दिसत नाही. माणसाच्या केसाची जाडी साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन. अडीच मायक्रॉनच्या आतल्या कणांना पीएम २.५ म्हणतात. ते फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात आणि त्यातले सगळ्यात बारीक रक्तातही शिरतात. लहान मुलांत यानं दमा उफाळतो आणि फुप्फुसांची वाढ खुंटते. मोठ्यांत हृदयविकाराचे झटके, अर्धांगवायू, फुप्फुसाचा कर्करोग यांचा धोका वाढतो. म्हणजे बारीक धूर हा नुसता छातीचा आजार नाही, तो रक्तवाहिन्यांचाही आहे. धुरांड्यातून हे बारीक कणही निघतात, पण ते उंचावर सोडले जातात आणि लांबवर पसरून विरळ होतात. मुलाच्या नाकापासून दोन हातांवर जळणारी वस्तू त्याच्या छातीत कितीतरी जास्त धूर भरते. म्हणून मी घराच्या आतून बाहेर येत जाते.

रात्री मुलगा झोपतो त्या खोलीत डासांची कॉइल लावता का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण मध्यरात्रीनंतरची सूं-सूं वाचून मला पहिली शंका तिची आली. दम्याचा त्रास तसाही रात्री वाढतो, त्यात कॉइलची भर पडते. एक कॉइल पूर्ण जळताना जितके बारीक कण सोडते, तितके ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. खिडकी लावून घेतलेल्या खोलीत ती रात्रभर जळते आणि मूल तिच्याशेजारी आठ तास श्वास घेतं. कॉइल आजपासून बंद करा, मच्छरदाणी आणा. खोलीत धूप आणि उदबत्तीही नको. देवघरात समईवर भागतं.

मग बंब. आपल्याकडं स्वयंपाकाला गॅस आला, पण अंघोळीचं पाणी अजून चुलीवर नाहीतर बंबावर तापतं. सकाळी त्यात चिपाडं, पाचट, शेणी जातात, आणि ओलं जळण पेट घेईना म्हणून प्लॅस्टिकची पिशवी, दुधाची पिशवी, कधी तुटकी चप्पलसुद्धा. हे मात्र कृपा करून बंद करा, घरातल्या सगळ्यांनी. प्लॅस्टिक अर्धवट जळताना बेंझीन निघतं, काही प्लॅस्टिकमधून डायॉक्सिनसारखी विषं निघतात, जी शरीरात वर्षानुवर्षं राहतात. बंबाची जागाही बघा. तो पडवीत असेल आणि धूर घरात येत असेल, तर अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात हलवा, जळण वाळलेलं ठेवा, आणि पोराला शाळेची तयारी करताना तिथं शेकत बसू देऊ नका. सौर बंब परवडत असेल तर हवेच्या मशीनऐवजी पैसे तिकडं घाला.

धुराबरोबर एक वायूही निघतो, ज्याला ना रंग ना वास : कार्बन मोनॉक्साइड. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूला धरतं त्याच्या दोनशेपट जास्त ओढीनं या वायूला धरून बसतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि बंद खोलीत माणूस झोपेतच जातो. बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून निखाऱ्याची शेगडी ठेवायची पद्धत आपल्याकडं अजून आहे. विषय निघालाच आहे म्हणून सांगते : शेक द्यायचाच असेल तर खिडकी उघडी ठेवा आणि शेक संपला की शेगडी बाहेर न्या. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हेच लागू.

आता सासूबाई. तुम्ही त्यांच्यासाठी एकच ओळ लिहिलीत आणि तीही सोडून दिल्यासारखी. तसा तुमचा हेतू नसणार, घराघरात असंच बोललं जातं. पण त्यांनी लग्न होऊन आल्यापासून गॅस येईपर्यंत किती वर्षं चुलीपुढं काढली असतील? फुंकणीनं जाळ घालताना तोंड धुरापासून वीतभर अंतरावर असतं. भाकरी भाजायची तर वाकूनच बसावं लागतं. आयुष्यात एकदाही विडी न ओढलेल्या बायकांची फुप्फुसं मी विडीवाल्यांसारखी झालेली बघते. या आजाराला सीओपीडी म्हणतात. वयाबरोबर येणारा खोकला असं काही नसतं. जिना चढताना, पाण्याची कळशी उचलताना त्या थांबतात का, हिवाळ्यात बेडका वाढतो का, बघा. सांगली-मिरजेत कुठल्याही मोठ्या दवाखान्यात स्पायरोमेट्री होते. नळीत जोरानं फुंकायचं, एवढंच. गेलेली ताकद सगळी परत येत नाही, पण औषधानं दम कमी होतो आणि उरलेलं टिकवता येतं. मुलाला दाखवायला न्याल त्याच दिवशी त्यांनाही घेऊन जा. 'म्हातारपणी कशाला खर्च' असं त्या म्हणतील. ऐकू नका.

तासगावचा प्रसंग मात्र वेगळा आहे, तिथं दोष धुळीचा नाही. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून शेडवर गंधकाची धुरी देतात. गंधक जळला की सल्फर डायऑक्साइड होतो. हा वायू ओलाव्यात चटकन विरघळतो, आणि श्वासनलिका आतून ओलीच असते. निरोगी माणसाला नाकात झिणझिण्या येतात, डोळ्यांत पाणी येतं, तेवढंच. दम्याच्या पेशंटची नळी काही मिनिटांत आवळते. तुमच्या मुलाचं नेमकं हेच झालं असणार. माहेर तोडायची गरज नाही. धुरी चालू असताना आणि धुरीची खोली उघडतात तेव्हा त्याला शेडकडे फिरकू देऊ नका, दम लागल्यावर घ्यायचा पंप पिशवीत असू द्या, आणि भावाला सांगा की धुरीची खोली उघडल्यावर ती पूर्ण मोकळी होईपर्यंत बेदाणा निवडणाऱ्या बायकांना आत बोलवायचं नाही. त्या दिवसभर तिथं बसतात.

रस्त्याचं थोडक्यात. गळीत हंगामात तुमच्या दारावरून उसाचे ट्रॅक्टर जातात. डिझेलच्या धुरात बारीक कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड असतो, आणि हा वायू मुलांच्या दम्याचा जुना वैरी आहे. मुलाची झोपायची खोली रस्त्याकडची असेल तर मागची द्या. अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडा. उन्हाळ्यात हाच वाहनांचा धूर कडक उन्हात शिजून जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो दुपारी जास्त असतो, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये मुलाचं पळापळीचं खेळणं सकाळी असलेलं बरं. हिवाळ्यात मात्र उलटं. थंड हवा जमिनीला धरून बसते, वारा नसतो, कृष्णाकाठी पहाटे जे धुकं दिसतं त्यात आदल्या संध्याकाळचा सगळा धूर अडकलेला असतो. ऊन चांगलं वर येईपर्यंत त्याला बाहेर धावू देऊ नका.

याच कारणानं पाचट संध्याकाळी पेटवणं सगळ्यात वाईट. पण मामंजींना तुम्ही 'प्रदूषण' म्हणून सांगायला गेलात तर ते ऐकणार नाहीत, आणि सुनेनं शेतीत बोलावं हेही अनेक घरांत रुचत नाही. त्यांच्याशी खताच्या हिशेबानं बोला, नाहीतर मिस्टरांना बोलायला लावा. एका हेक्टरातून ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद आणि ७५ ते १०० किलो पालाश असतं. पेटवलं की पालाश राखेत थोडंफार राहतं, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरावाटे उडून जातो. मग तेच नत्र युरियाच्या पोत्यातून विकत आणायचं. खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक, ठेवणार असाल तर बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकायचं आणि पाणी द्यायचं. तण कमी उगवतं, ओल टिकते, उन्हाळ्यात पाण्याची एखादी पाळी वाचते. पाणी सरीत अडतं, अशी जुन्या शेतकऱ्यांची तक्रार असते आणि ती खरीही आहे. त्यासाठी ट्रॅक्टरवर चालणारं पाचट कुट्टी यंत्र मिळतं. फलटण तालुक्यात पाडेगावला उसाचं संशोधन केंद्र आहे, मामंजींना एकदा तिथं नेऊन आणा. सुनेनं सांगितलेलं आणि तिथल्या शास्त्रज्ञानं सांगितलेलं यात त्यांच्या दृष्टीनं फरक पडेल, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

तरीही यंदा पेटवायचंच ठरलं, तर निदान आदल्या दिवशी सांगायला लावा. दुपारी, वारा घराच्या उलट दिशेला असताना पेटवावं, आणि मुलाला त्या दिवशी लांबच्या कुणा नातेवाइकांकडे ठेवावं.

मिस्टरांचं मोबाइलवरचं 'समाधानकारक'. त्यांना खोटं पाडायचं नाही, पण तो शब्द नीट समजून घ्यावा लागेल. आपल्या देशाच्या हवा निर्देशांकात ५१ ते १०० हा टप्पा समाधानकारक धरतात. पीएम २.५ चं चोवीस तासांचं प्रमाण दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असलं तरी हवा त्या टप्प्यात बसते, कारण आपलं २००९ चं राष्ट्रीय मानकच ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी १५ ची मर्यादा सांगितली. म्हणजे त्या मर्यादेच्या चौपट धूर असला तरी मोबाइल 'समाधानकारक' दाखवू शकतो. शिवाय तो आकडा दिवसभराची सरासरी असतो आणि शहरातल्या यंत्राजवळच्या हवेचा असतो. तुमच्या गावात सकाळ-संध्याकाळ सहा ते आठच्या दरम्यान जे होतं ते त्यात दिसतच नाही. आणि प्रदूषण दिल्लीचंच म्हणाल तर, २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांची यादी आहे. तिच्यात सांगलीचं नाव आहे.

त्याच यादीत पुणंही आहे. म्हणून मुलाला नणंदेकडे पाठवण्याचं मला पटत नाही. तिथं पाचट जळणार नाही, पण वाहनांचा धूर इथल्यापेक्षा जास्त, आणि सात वर्षांचं दमेकरी मूल रात्री दम लागल्यावर आईला शोधणार. नणंदेनं कितीही प्रेमानं केलं तरी पंपाची वेळ पाळणं तुमच्यासारखं दुसऱ्याला जमेलच असं नाही. हवेचं मशीन दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीतच काम करतं. कौलारू घरात, दिवसभर उघड्या दारांत, त्याचा उपयोग जवळजवळ नाही, आणि त्याची जाळी बदलण्याचा खर्च दरवर्षी येतो. नका घेऊ. मास्कचं म्हणाल तर रुमाल आणि साधा कापडी मास्क बारीक कण अडवत नाही. एन-९५ अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच, आणि मुलाच्या मापाचा मिळाला तरच. गंधकाची धुरी किंवा कार्बन मोनॉक्साइड त्यानंही अडत नाही. ट्रॅक्टरमागून मोटारसायकलवर जायची वेळ आली तर वापरा, दिवसभर तोंडाला बांधून ठेवू नका.

काजळीची तक्रार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी द्या, तारखा लिहून, चार घरांच्या सह्या घेऊन. नुसतं तोंडी बोलून काही होत नाही. ग्रामसभेत कचरा जाळण्याचा विषय मांडा, तो जास्त लवकर सुटेल. आपल्याकडं घंटागाडी आली तरी कोपऱ्यावरचा ढीग पेटतोच, आणि त्याच्याजवळ पोरं खेळत असतात.

एक गोष्ट कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला दिसेल. मुलाला एक वाक्य एका दमात बोलता येईना, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर दिसू लागले, किंवा दम लागल्यावरचा पंप देऊनही आराम पडेना, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. त्याला बसतं ठेवायचं, आडवं करायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलं तसा तोच पंप स्पेसरमधून पुन्हा द्यायचा आणि १०८ ला फोन करायचा. डॉक्टरांकडून ही कृती आधीच नीट लिहून आणा, किती वेळा आणि किती मिनिटांनी ते आकड्यांत. आणि येत्या दिवाळीची वाट न बघता हा महिना संपायच्या आत जा.